वाद्य-शंका : ऑनलाइन घेतलेल्या वाद्याची तक्रार कशी करावी?

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या पेटीत (हार्मोनियममध्ये) हवा टिकत नाही आणि दोन पट्ट्या न दाबताच वाजतात. विक्रेता म्हणतो, वाजवलेलं वाद्य परत घेत नाही. तिकडच्याच कारागिराकडून नीट करून घ्या, खर्च देऊ. काय करावं?
– एक वाचक, महाल

उत्तर : कारागिराकडे इतक्यात नेऊ नका. पेटी एकदा उघडली की दोष मूळचा होता की दुरुस्तीत झाला, यावर वाद सुरू होतो. आधी दोष नोंदवा, तोही मोजता येईल असा. फोनवर बोलणाऱ्या ग्राहक सेवेच्या माणसाला पेटीतलं काही कळेलच असं नाही. 'हवा धरत नाही' असं लिहिलं तर तो 'आवाजाची तक्रार' एवढीच नोंद करतो. सेकंद आणि पट्टीचा क्रमांक मात्र त्याला टाळता येत नाही.

सगळ्या खुंट्या (हवेची वाट उघडणाऱ्या समोरच्या मुठी) बंद करा, पट्ट्यांना हात लावू नका आणि भाता मारा. घट्ट पेटीत दोन-चार हातांतच भाता जड लागतो आणि आतली हवा बराच वेळ टिकते. तुमच्या पेटीतली किती सेकंदांत संपते, ते एका सलग व्हिडिओत येऊ द्या. मग एकेक खुंटी उघडून भाता मारा. न दाबता वाजणाऱ्या पट्ट्या डावीकडून मोजून लिहा. शेवटी प्रत्येक पट्टी वेगळी वाजवा. साडेतीन सप्तकांच्या दुहेरी पेटीत 42 पट्ट्या आणि 84 रीड (सूर देणाऱ्या पितळी पात्या) असतात, दर पट्टीला दोन. तेव्हा एक खुंटी बंद ठेवून पहिला संच, मग दुसरा, असं दोनदा तपासावं लागेल.

हवा बहुधा भात्याच्या घडीवरचं कापड किंवा चामडं सुटल्यामुळे जाते, नाहीतर रीड-बोर्ड (रीड लावलेली फळी) नीट बसलेला नसतो. आपोआप वाजणाऱ्या पट्टीखालची गादी छिद्रावर पूर्ण टेकत नाही. स्प्रिंग सरकलेली असते किंवा पट्टी वाकलेली असते. प्रवासात भात्याची कडी लावलेली नसेल तर तो आदळून बिजागरीही ढिली होते. नागपुरात आणखी एक अडचण आहे. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. विक्रेता 'तुमच्या हवामानामुळे झालं' म्हणू शकतो, म्हणून तपासणी आल्या दिवशीच हवी आणि पेटी कूलरच्या झोतात ठेवायची नाही.

'वाजवलेलं परत नाही' ही अट सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर संकेतस्थळावरच्या विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तक्रार क्रमांक जपून ठेवा. तरीही हलत नसतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्यापुढे नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता कोलकात्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावणं बंधनकारक नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

दुरुस्तीच हवी असेल तर रक्कम आधी ईमेलवर लिहून घ्या आणि काढलेले भाग फेकू देऊ नका. पेटी परत पाठवायची असेल तर खुंट्या बंद करा, कडी लावा, पट्ट्यांवर घडी केलेलं कापड ठेवा आणि खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढून पावती घेतल्याशिवाय ती हातची सोडू नका.

प्रश्न : काळी एकचा तबला मागवला, पण तो त्या सुराला चढतच नाही. दुकानदार म्हणतो, हातोडी मारून चढवा.
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : आधी टेप लावा. काळी एकसाठी (म्हणजे सी शार्प सुरासाठी) साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंड लागतं. सहा इंची तबला ओढून तिथपर्यंत नेला तर गजऱ्याजवळ (कडेच्या चामडी वेणीजवळ) पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटते आणि दोष तुमच्यावर येतो. आठही गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) किती खाली आहेत त्याचा फोटो काढा. ते आधीच तळाला असूनही सूर खाली असेल, तर हातोडीसाठी जागाच उरलेली नाही. फोनवरच्या ट्यूनरमध्ये सी शार्प पाहत चाटेवर (चामड्याच्या कडेच्या पट्टीवर) समोरासमोरच्या घरांचे, म्हणजे वाद्यांमधल्या जागांचे, सूर टिपून घ्या.

डग्गा (डाव्या हाताचा मोठा तबला) 'तांब्याचा' म्हणून आला असेल तर चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे, म्हणजे वर्णन खोटं. अशी तक्रार सुराच्या तक्रारीपेक्षा लवकर मान्य होते, कारण तिथे कानाचा प्रश्नच नसतो. पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी स्वर, तोंडाचं माप आणि ते कुठून कुठे मोजलं, हे तिन्ही लेखी विचारून घ्या.

प्रश्न : नव्या गिटारच्या तारा फार उंच आहेत. परत करू का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : लगेच नको. जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आणि नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीला मिळते तिथे एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून ती कमी होते. तो सेटिंगचा भाग आहे. अकूस्टिक गिटारच्या ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवलेल्या पट्टीच्या) मागच्या कडेखाली मात्र कागद सरकत असेल, किंवा तारा पिळायच्या खुंट्यांच्या भागाजवळ नेकला केसासारखी रेघ दिसत असेल, तर तारा सैल करा, फोटो काढा आणि बदलून मागा.