इंटरनेटवरचे परिच्छेद शब्द बदलून निबंधात घेतले, तर ते वाङ्मयचौर्य ठरते का?

सीमाप्रश्नावरील, म्हणजे बेळगाव परिसरातील मराठी भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा या वादावरील, निबंधासाठी इंटरनेटवरचे तीन-चार परिच्छेद शब्द बदलून घेतले तर ते वाङ्मयचौर्य ठरेल का, आणि या विषयावर सगळे बोलून झालेले असताना स्वतःचे मत आणायचे कोठून, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण खरी अडचण तेथेच आहे.

मी कर्नाटकातील खानापूर तालुक्यात सत्तावीस वर्षे मराठी शिकवले आणि बेळगाव परिसरातील निबंध व वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण आजही करतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझ्यापुढे आलेल्या नऊ निबंधांत एकच वाक्य होते : ‘सीमेपलीकडे अडकलेल्या आपल्या बांधवांच्या पाठीशी आपण खंबीरपणे उभे राहिले पाहिजे.’ हे वाक्य उघडच महाराष्ट्रात बसून लिहिणाऱ्याचे आहे; त्याच्या लेखी सीमेपलीकडचे म्हणजे आपण. येळ्ळूरच्या आणि नंदगडच्या मुलांनी ते उतरवले, तेव्हा ‘आपले बांधव’ म्हणून ती स्वतःविषयीच बोलत होती आणि हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. दोघांनी ‘अडकलेल्या’ऐवजी ‘राहिलेल्या’ असा बदल केला होता, परंतु पाहणारा माणूस तोच राहिला होता. शब्द बदलून काम भागत नाही असे मी म्हणतो ते यासाठी. त्या दिवशी मला राग आला नाही. मुलांना आपण हेच शिकवले का, या विचाराने फार वाईट वाटले.

काय घेता येते आणि काय नाही, हे एकदा नीट समजून घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेले, या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, या घटना कोणाच्याही मालकीच्या नाहीत. मात्र त्या घटनांतून एखाद्या लेखकाने काढलेला निष्कर्ष, त्याने केलेली तुलना, त्याने मुद्द्यांची लावलेली क्रमवारी ही त्याची मेहनत आहे, आणि ती घेताना त्याचे नाव लिहिणे बंधनकारक आहे. कायद्याच्या मुदतीशी याचा संबंध नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, तरी त्याचे लेखन आपल्या नावावर खपवणे हे चौर्यच राहते. पुढे संशोधनाकडे वळलात तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम लागू होतील. त्यांत प्रबंधातील साम्य साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते.

आपल्या भागात आणखी एक प्रकार सर्रास चालतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कन्नड वृत्तपत्रातील अग्रलेख मराठीत उतरवायचा आणि ‘मी स्वतः लिहिले’ म्हणायचे. शब्द स्वतःचे असतात, म्हणून मुलांना ते प्रामाणिकपणे स्वतःचे वाटते. नुसते शब्द जुळवणाऱ्या तपासणीतही ते सहसा सापडत नाही. तरीही विचार दुसऱ्याचाच असतो. वास्तविक दोन्ही भाषा वाचता येणे हे आपले मोठे बळ आहे, आणि स्वतःचे मत घडवण्यासाठी ते वापरायला हवे.

कारण मत घडते ते दोन्ही बाजू तपासल्यावर. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा हे महाराष्ट्राचे चार निकष आपल्या घरात सर्वांना पाठ असतात. कर्नाटकाची बाजू मात्र, म्हणजे महाजन अहवाल अंतिम मानावा आणि राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार संसदेचा आहे, ही भूमिका फार थोडी मुले नीट मांडू शकतात. ती बाजू तिच्या समर्थकाला मान्य होईल अशा शब्दांत आधी लिहून पाहा. त्यानंतर त्याच अहवालाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे असे म्हटले होते आणि बेळगाव शहर मात्र कर्नाटकात ठेवले होते, याची कारणे वाचा, ती आपल्याला पटतात का ते ठरवा. शेवटी आपण घरच्यांच्याच मतावर येऊन पोहोचलात तरी हरकत नाही. ‘वेगळे’ मत हवे हा आपला आग्रह मला तितकासा पटत नाही. मत तपासलेले असावे, एवढेच मी मागेन.

त्या स्पर्धेत पहिला क्रमांक मी ज्या मुलीला दिला, तिने तारखा फारशा लिहिल्याच नव्हत्या. आजोबांना जमिनीचा कन्नड उतारा वाचून दाखवण्यासाठी ती शाळा बुडवून तलाठ्याकडे गेली होती, तो प्रसंग तिने लिहिला होता. सरकारी कागद मराठीतही मिळावेत, पण आपल्याला कन्नड येते म्हणूनच त्या दिवशी आजोबांची फसवणूक झाली नाही, म्हणून ती भाषा टाकू नये, असे तिचे म्हणणे होते. परीक्षकांपैकी एकाला ते अजिबात रुचले नाही, आणि तिच्या काही विधानांशी मीही सहमत नव्हतो. मात्र त्यातील एकही ओळ दुसऱ्या कोणाला लिहिता आली नसती.

आपण उतरवून ठेवलेले परिच्छेद फेकून देण्याची गरज नाही. त्यांतील अगदी आवश्यक वाक्य अवतरणचिन्हांत, लेखकाच्या नावासह ठेवा. बाकीचे वाचून वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी आठवेल तेवढेच आपल्या वाक्यांत लिहा. तसे लिहिले तरी मुद्दा ज्याचा आहे त्याचे नाव द्याच. आपले गाव कोणते हे आपण कळवलेले नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या डिसेंबर २०२२ च्या ठरावात ज्या ८६५ गावांचा उल्लेख आहे, त्यांत ते येते का आणि महाजन अहवालाने त्याला कोणत्या बाजूला टाकले होते, एवढे आधी शोधा, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला त्याबद्दल विचारा आणि निबंधाचा पहिला परिच्छेद तेथून सुरू करा.