शिडाच्या जहाजाने अमेरिकेत आलेल्या जर्मन पूर्वजांचं मूळ गाव कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचे खापरपणजोबा 1852 च्या सुमारास न्यूयॉर्कला उतरले आणि एलिस आयलंडच्या नोंदींत त्यांचं नाव मिळत नाही. मिळणारच नाही. न्यूयॉर्क बंदरातलं ते स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र सुरू झालं 1 जानेवारी 1892 ला. त्याआधीचं कॅसल गार्डनसुद्धा 1855 चं.

पण याद्या आहेत. 1819 च्या कायद्यामुळे 1820 पासून प्रत्येक कप्तानाला प्रवाशांची यादी कस्टमच्या अधिकाऱ्याकडे द्यावी लागे. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर त्या फुकट बघता येतात. फक्त फार आशा ठेवू नका: नाव, वय, धंदा, देश, बस्स. एकाच्या नावापुढे ‘शेतकरी’ आणि खाली पानभर ‘सदर’च्या खुणा! गावाचा पत्ता नाही.

म्हणून गाव आधी अमेरिकेतच शोधा. ते ज्या चर्चमध्ये जात, तिथल्या लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदी पाहा. जर्मन पाद्री बरेचदा जन्मगाव लिहून ठेवत. थडग्यावरचा मजकूरही वाचा.

दुसरी वाट निघतानाच्या बंदराची. हॅम्बुर्गहून निघाले असतील तर नशीब, 1850 पासूनच्या तिथल्या याद्यांत बहुधा राहतं गावही असतं. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्यात.

आणि आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचे. ‘श्मिट’चा ‘स्मिथ’ व्हायला वेळ लागत नसे.