कॉलेजात त्याला कोण सांभाळणार?

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतोच. मूल बौद्धिक दिव्यांग, सवलती घेऊन बारावी झालेलं, आणि घरच्यांचा जीव टांगणीला.

कोरेगावकडची एक आई (तपशील बदललेत) आली तेव्हा मुलाचं बी.ए.चं पहिलं वर्ष सुरू झालं होतं. ती रोज त्याच्यासोबत एसटीनं यायची आणि कॉलेज सुटेपर्यंत गेटजवळच्या पारावर बसून राहायची. डबा, बाटली, छत्री, सगळं तिच्याच पिशवीत.

"मॅडम, पोरं चिडवतील ओ त्याला."

"चिडवलं का कुणी?"

"न्हाई अजून. मी असते ना."

मी मुलाला विचारलं, तुला काय हवंय? ती दोनदा त्याच्या वतीनं बोलायला निघाली, दोन्ही वेळा मी हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कॅन्टीन. आई डबा देती. पोरं जात्यात, मी राहतो."

खोलीत शांतता. मग तिनं हळूच विचारलं, "वडापाव कितीला असतो रे तिथं?"

"पंधरा," तो लगेच म्हणाला.

एकदाही न खाता त्याला भाव पाठ होता! मला जे दहा बैठकांत समजावायचं होतं, ते त्या एका आकड्यानं केलं. खरं सांगायचं तर तिला थांबवणारा माझा तो हात मला आजही आवडतो.

पालक विचारतात, "पास होईल का?" माझ्या लेखी तो शेवटचा प्रश्न. आधी सुटे पैसे मोजणं, एसटीचा पास सांभाळणं, वाट चुकली तर विचारणं. अमेरिकेत 2008च्या कायद्यानं अशा मुलांच्या कॉलेज कार्यक्रमांना आधार दिला. तिथं पदवी हेच ध्येय नसतं. आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट दिलीय, पण त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते आधी काढा. परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, तेही मागून घ्या. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मातीत 'कमवा आणि शिका' काय आम्ही शिकवायचं? ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळतंय का, ते जरूर विचारा. वर्गातला एखादा 'मदतनीस' नेमून मात्र घेऊ नका. नेमलेली मैत्री मुलांना लगेच कळते.

त्या आईला आम्ही टप्प्याटप्प्यानं मागे सरकवलं. आधी एसटीत चार सीट मागं, मग फक्त साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत, मग कोरेगावच्या स्टँडवरूनच निरोप.

एका संध्याकाळी तो गाडीत झोपला आणि थेट रहिमतपूरला पोचला. ती फोनवर माझ्यावर भडकली होती, "तुम्हीच म्हणालात सोडा म्हणून!" मी ऐकत होते, तेवढ्यात मधेच दुसरा फोन वाजला. तोच होता.

"मॅडम, आईचा फोन लागंना. तिला सांगा, मी परतीच्या गाडीत बसलोय. कंडक्टरला विचारलं."