न्यायाधीश निकाल कायद्याने देतात की स्वतःच्या मताने, हे राज्यशास्त्राचे अभ्यासक कसं शोधतात? एलएलबी न करता एम.ए.च्या प्रबंधाला हा विषय घ्यावा का?

घ्या, खुशाल घ्या. "काळा कोट नाही तर कोर्टावर बोलू नये" हे मी घरातच वर्षानुवर्षं ऐकत आले, म्हणून लिहायला बसले.

माझे मामा तालुक्याच्या कोर्टात वकील. माझा पीएचडीचा विषय भूसंपादनाचे निकाल. मामांचं म्हणणं ठरलेलं: "न्यायाधीश कायदा बघतो. बेंचवर कोण होतं याचा हिशोब मांडणं हा कोर्टाचा अपमान आहे." एका मे महिन्यात मी त्यांच्याकडे होते. कालव्यात गेलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्याचं अपील हायकोर्टात होतं, आणि मामा ओसरीवर फिरत तिथल्या वकिलांना फोनवर सांगत होते, "आत्ता मॅटर बोर्डावर येऊ देऊ नका. असाइनमेंट बदलू दे, मग लावून घ्या." (बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीची यादी; असाइनमेंट म्हणजे कोणती प्रकरणं कोणत्या बेंचपुढे, म्हणजे कोणत्या न्यायाधीशांपुढे, जायची ती वाटणी.) फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मामा, कायदा तोच, कागद तेच. मग बेंच बदलायची वाट कशाला बघायची?" ते चिडले. "व्यवहार वेगळा, कायदा वेगळा," म्हणाले आणि आत गेले.

आमचा अभ्यास त्या फोनपासूनच सुरू होतो. वकिलाला अनुभवाने जे माहीत असतं, ते आम्ही शेकडो निकाल वाचून तपासतो.

पुणे महापालिकेचंच प्रकरण घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २४(२) म्हणतं, जुन्या कायद्याखालचा निवाडा (मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) हा कायदा लागू होण्याच्या पाच किंवा अधिक वर्षं आधी झाला असेल आणि ताबा घेतला नाही किंवा मोबदला दिला नाही, तर संपादन रद्द. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं, पैसे सरकारी तिजोरीत भरले म्हणजे मोबदला दिला असं होत नाही. जमीनमालक सुटले. २०१८ मध्ये दुसऱ्या तिघांच्या पीठाने, इंदूरच्या प्रकरणात, दोन विरुद्ध एक मताने तो निकालच चुकीचा ठरवला. मग पाच जणांचं घटनापीठ बसलं. त्याचे प्रमुख न्या. अरुण मिश्रा २०१८ च्या बहुमतातले होते. त्यांनी बाजूला व्हावं ही मागणी त्यांनी २०१९ मध्ये नाकारली. मार्च २०२० मध्ये निकाल आला: कलमातला "किंवा" हा "आणि" असा वाचायचा. म्हणजे ताबाही नाही आणि पैसेही नाहीत, तरच संपादन रद्द. कलमातला तो शब्द सहा वर्षांत कोणी बदलला नव्हता, बेंच मात्र तीन झाली. मग बेंच मोजायची नाही तर काय मोजायचं?

अमेरिकेत हे काम सोपं. तिथे सर्वोच्च न्यायालयाचे नऊही न्यायाधीश एकत्र बसतात, मतभेद उघड लिहितात. हर्मन प्रिचेट यांनी १९४८ मध्येच कोण कोणाबरोबर मत देतो याचे तक्ते मांडले होते. आपल्याकडे बहुतेक प्रकरणं दोघा-तिघांपुढे चालतात आणि निकाल सहसा एकमताचा असतो, त्यामुळे नुसती मतं मोजून हाती फार लागत नाही. कोणतं प्रकरण कोणापुढे जायचं हे सरन्यायाधीश ठरवतात, तेव्हा खरा अभ्यास तिथे करावा लागतो. दुसरी वाट म्हणजे न्यायाधीशांनाच भेटायचं. जॉर्ज गॅडबॉइस या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात आपल्या साठहून अधिक न्यायाधीशांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची नेमणूक कशी झाली ते विचारलं.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. बेंच बदलली आणि निकाल बदलला, एवढंच आकडे दाखवतात. का बदलला ते दाखवत नाहीत. २०२० च्या पीठाने सविस्तर कारणं दिली आहेत; ती न वाचता "मत आधी, कायदा नंतर" असं लिहाल तर परीक्षक फाडून खातील, आणि बरोबरच करतील. दुसरं म्हणजे "अपील अंशतः मंजूर". तक्त्यात ते कोणाच्या रकान्यात टाकायचं? शेतकऱ्याने दर वाढवून मागितला, थोडाच वाढला, तर जिंकलं कोण? मी तिसरा रकाना केला, आणि तो इतका फुगला की सगळं काम पुन्हा करावं लागलं. तुम्ही मागितलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम पहिल्या दिवसापासून वेगवेगळी लिहा.

आणि घरी कोणी वकील असेल तर त्यांनी कोणतं मॅटर कोणत्या बेंचसाठी थांबवलं, ते आधी विचारून घ्या.