मुळात वाईट होता, की संगतीनं बिघडला?

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी खुर्चीत बसल्याबरोबर हेच विचारलं. आईनं मान वर केली नव्हती. मुलगा पंधरा वर्षांचा, टोळीत आठ महिने. आधी मारामाऱ्या, मग चोरीचा मोबाइल आणि आता दप्तरात गांजाच्या पुड्या.

अमेरिकेत रोचेस्टर शहरात १९८८ पासून सुमारे १००० शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. गुन्हेगारीचे अभ्यासक टेरेन्स थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांना त्यात दिसलं की टोळीत असतानाच्या काळात मुलांचे गुन्हे वाढले आणि बाहेर पडल्यावर कमी झाले. म्हणजे स्वभावाचा वाटा असेलही, पण टोळीचा स्वतःचा वाटा मोठा. बरीच मुलं वर्षभरात बाहेरही पडतात. हे ऐकल्यावर आईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अमली पदार्थांची विक्री मात्र टोळी सुटली तरी लगेच सुटेल असं नसतं, हेही मी त्यांना सांगितलं. खोटा दिलासा द्यायचा नव्हता.

मुलगा तीन भेटी गप्प होता. चौथ्या भेटीत मी एवढंच विचारलं, “तिथं तुला काय मिळतं?”

बराच वेळ गेला. “मी एक दिवस गेलो नाही तर कुणीतरी फोन करतं. कुठंयस म्हणून.”

मग बाकीचं आलं. सुरुवातीला गांजा फुकट मिळाला. पुढं त्याचा हिशोब निघाला. पैसे नव्हते, म्हणून पुड्या पोचवायला लागला. घरी कळलं त्या दिवशी वडिलांनी पट्ट्यानं मारलं आणि तो रात्रभर टोळीतच राहिला. मारानं त्याला आणखी तिकडे ढकललं, हे वडिलांना सांगताना मला जड गेलं. पण सांगणं भाग होतं.

पालकांना मी विनवलं: इतर मुलांची नावं त्याच्याकडून वदवू नका, टोळीच्या म्होरक्याला गाठायला जाऊ नका, दोन्हींत धोका मुलालाच. धमकी आली तर मात्र ती दडवू नका, पोलिसांकडे जा. मुलाकडून मी एका दिवसात संबंध तोडण्याची शपथही घेतली नाही. जाणं हळूहळू विरळ करत बाहेर पडणारीच मुलं मी जास्त पाहिली आहेत.

आता पुड्या पोचवणं थांबलंय. गांजा पूर्ण सुटलेला नाही. दर आठवड्याला तो व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जातो. वडील सोबत जातात आणि तो बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहतात.