वर्गणीची पेटी कुणाकडे आहे?

प्रिय,

सप्रेम जिंदाबाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. बॉस्टनला शिकता शिकता शनिवारी तिथल्या रॉक्सबरी वस्तीतल्या भाडेकरूंच्या बैठकांना जायला लागली आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, की बाहेरून आलेल्या, शिकलेल्या मुलीने तिथे नेमकं करायचं काय. इतकी वर्षं कचरावेचक बायकांमध्ये काम केल्यावर मला जे पक्कं वाटतं, तेच सांगते. तिथे गेल्यावर आधी दोन गोष्टी बघ. निर्णय कोण घेतं? आणि पैशाचा हिशेब कुणाच्या हातात आहे? या दोन्ही गोष्टी वस्तीच्या हातात असतील तर तू खुर्च्या मांडल्यास तरी कामाची आहेस. नसतील, तर तुझ्या हुशारीचा वस्तीला फारसा उपयोग नाही.

तू जातेस त्याच भागात डडली स्ट्रीट आहे. 1980च्या दशकात तिथे सुमारे 1300 भूखंड ओसाड पडले होते. ते आपोआप ओसाड झाले नव्हते. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले आणि काळ्यांच्या, गरिबांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. लाल म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जं गोऱ्यांच्या उपनगरांकडे गेली. एकदा कर्ज थांबलं की घराची डागडुजी थांबते, गिऱ्हाईक मिळत नाही, भाव पडतो. पुढे डडलीत काही मालकांनी विम्याच्या पैशांसाठी स्वतःचीच घरं पेटवून दिली. जळकी घरं पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागांवर बाहेरचे ट्रक येऊन राडारोडा, मोडके फ्रिज, अगदी सडकं मांससुद्धा टाकून जाऊ लागले. शहर कुणाला माणूस समजतं आणि कुणाला नाही, हे बघायचं असेल तर तिथला कचरा कुठे पडतो आणि तो कोण उचलतं, एवढं बघावं. पुणे असो की बॉस्टन, मला तरी याहून खरी खूण सापडलेली नाही.

मग एका श्रीमंत धर्मादाय संस्थेने या भागासाठी पैसे द्यायचं ठरवलं. हेतू चांगलाच होता. आराखडा तयार झाला, कार्यकारी मंडळ ठरलं आणि फेब्रुवारी 1985मध्ये चर्चमध्ये सभा घेऊन तो लोकांपुढे ठेवला गेला. मंडळावर बहुतेक जागा संस्था-कंपन्यांच्या प्रतिनिधींना आणि रहिवाशांना मोजक्याच. सभेत एक रहिवासी बाई उठली आणि मंचावरच्यांना विचारती झाली, तुमच्यापैकी इथे राहतं कोण? त्या प्रश्नापुढे आराखडा टिकला नाही. नवं मंडळ ठरलं, त्यात रहिवाशांच्या जागा खूप वाढल्या. काळे, लॅटिनो (लॅटिन अमेरिकेतून आलेले), केप व्हर्डियन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवरून आलेले) आणि गोरे अशा चारही समाजांना सारख्याच जागा दिल्या गेल्या, मग कुणाची वस्ती कितीही कमी-जास्त असो. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मतांच्या संख्येवर सोडलं असतं तर एका समाजाने दुसऱ्यावर कुरघोडी केली असती आणि महापालिकेला आयतं कोलीत मिळालं असतं.

त्या लोकांनी सुरुवात कशाने केली बघ. घरांची मागणी सगळ्यांच्याच मनात होती, पण पहिली मोहीम निघाली कचऱ्याविरुद्ध. प्रत्येकाच्या नाकाला झोंबणारा, रोज दिसणारा आणि काही महिन्यांत निकाल लागू शकेल असा प्रश्न त्यांनी उचलला. 1986मध्ये शहराला तिथले बेकायदा कचरा-तळ बंद करावे लागले. त्या विजयाने लोकांना एकमेकांचा भरवसा आला, आणि त्या भरवशावर त्यांनी पुढची मागणी केली ती थेट जमिनीची. 1988मध्ये बॉस्टनच्या पुनर्विकास प्राधिकरणाने या रहिवाशांच्या संघटनेला त्या भागातल्या ओसाड खासगी जमिनींच्या सक्तीच्या संपादनाचा अधिकार दिला. अमेरिकेत कुठल्याही वस्तीपातळीवरच्या संघटनेला असा अधिकार पहिल्यांदाच मिळत होता. यातली काही जमीन आज सामुदायिक ट्रस्टची आहे. घर कुटुंबाचं, पण त्याखालची जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, आणि घर विकताना भाव किती वाढवता येईल यावर मर्यादा. भाव वाढले म्हणून जुन्या माणसांना गाव सोडून जावं लागू नये यासाठी ही सोय. आपल्याकडे झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डरची माणसं घरोघर फिरून संमतीच्या सह्या गोळा करतात, ते आठवलं की डडलीच्या त्या मंडळाचं मोल अधिकच कळतं.

आता पैशाचं. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध घातलेला बसबहिष्कार तुला माहीत आहे. डिसेंबर 1955 ते डिसेंबर 1956, तब्बल 381 दिवस. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावं शाळेच्या पुस्तकातही असतात. तू जॉर्जिया गिलमोरची माहिती काढ. ही स्वयंपाकीण. तिने शेजारपाजारच्या बायका जमवल्या. त्या कोंबडीचे सँडविच, केक आणि ‘पाय’ नावाचा तिकडचा भाजलेला गोड पदार्थ करून विकायच्या आणि आलेले पैसे सभेत आणून भरायच्या. त्या पैशावर लोकांना कामावर नेणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल भरलं जायचं. यातल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. नाव फुटलं असतं तर काम गेलं असतं. म्हणून कुणी किती दिलं हे गिलमोरपलीकडे कुणाला कळू दिलं जात नव्हतं. तिने स्वतः कोर्टात साक्ष दिली तेव्हा तिची नोकरी गेलीच, तर ती घरच्या स्वयंपाकघरातून विकू लागली. 381 दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत, त्यामागे भाषणं होती तशी ही पैशाची आणि गाड्यांची चोख व्यवस्थाही होती. लोक उपाशी राहतात, पायी चालतात, मार खातात; पण मुलांना घरी कोण बघणार आणि उद्या कामावर कसं पोचायचं, याचं उत्तर मिळालं नाही तर चौथ्या दिवशी गळतात. त्यात त्यांचा काही दोष नसतो.

अमेरिकेतल्याच मेम्फिस शहरातल्या सफाई कामगारांच्या 1968च्या संपाचंही असंच. 1 फेब्रुवारीला पाऊस होता म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात आसऱ्याला बसलेले दोन काळे सफाई कामगार यंत्र अचानक सुरू होऊन चिरडले गेले. 12 तारखेला सुमारे 1300 कामगारांनी काम बंद केलं. महापौर युनियनला मान्यता द्यायला तयार नव्हता, आणि पगारातून युनियनची वर्गणी कापून द्यायला तर मुळीच नाही. वर्गणीवर एवढं का अडलं असेल? नियमित वर्गणी म्हणजे संप संपल्यावरही संघटना उभी राहणार, हे त्याला नीट कळत होतं. या संपाला पाठिंबा द्यायला मेम्फिसला आलेल्या किंग यांचा खून 4 एप्रिलला झाला, तडजोड 16 एप्रिलला, आणि तीत वर्गणीचाही मार्ग काढला गेला.

आमच्याकडचं एक सांगते. भंगाराच्या दुकानात बायकांचा माल मोजला जायचा तेव्हा दुकानदार ओल धरून तूट लावायचा. पुठ्ठा भिजलेला आहे, दुधाच्या पिशव्यांत पाणी आहे, बाटल्यांत माती आहे, असं म्हणत किलोमागे काहीतरी कापायचाच. बायकांना हे ठाऊक होतं, पण दाखवायचं कसं? एकीने सुचवलं की आपण आपला काटा घेऊ. थोडी थोडी वर्गणी काढून हुकाचा काटा घेतला आणि शेडच्या वाशाला टांगला. पोतं आपल्या काट्यावर 18 किलो भरलं, दुकानात 15. दुसऱ्या दिवशी आठ-दहा जणी एकदमच दुकानात गेल्या, पोती उतरवली नाहीत, आधी काट्याचं बोलू म्हणाल्या. दुकानदाराने तूट कमी केली. आम्ही कार्यकर्त्यांनी आधी भावाचा तक्ता केला होता, तो कुणी वाचला नाही. काट्याची कल्पना त्यांची, पैसा त्यांचा, त्यामुळे तो काटा कुणी हलवू दिला नाही. पुण्यात 1993 साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, महापालिकेने शिक्का मारलेली ओळखपत्रं आली, 2008मध्ये महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. या मोठ्या गोष्टींच्या तळाशी असे काटे, अशा वर्गण्या आहेत.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. तिथे तू रंगभेदाबद्दल बोलशील आणि लोक तुझं ऐकतीलही. पण तुझ्या घरी कचरा न्यायला येणारी बाई कोणत्या समाजाची होती, तिचा कप वेगळा होता का, याचं उत्तर आधी स्वतःला दे. कचरा वेचणाऱ्या बायका बहुतेक दलित, आणि त्यातल्या कितीतरी घरांची मुळं मराठवाड्यातल्या 1972च्या दुष्काळात. जात विमानात बसून अमेरिकेलाही जाते. म्हणून तर फेब्रुवारी 2023मध्ये सिअ‍ॅटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घालावी लागली. त्या बैठकीत एखादी काळी आजी तुला विचारेल, तुमच्याकडे कसं असतं गं? तेव्हा गांधी-किंग यांच्या गोष्टीवर वेळ मारून नेऊ नकोस. जे आहे ते सांग. तुझं कुळ कोणतं आणि त्याचा तुला काय फायदा झाला, तेही सांग. माणसं खऱ्यावर विश्वास ठेवतात.

बाकी थोडक्यात. विद्यार्थी व्हिसावर आहेस, तेव्हा अटक होऊ शकेल अशा कार्यक्रमात जाण्याआधी वकिलाला विचार. तुझी हौस म्हणून संघटनेवर नवं संकट नको. पत्रकारांशी तू बोलू नकोस, वस्तीतल्या माणसाला पुढे कर, हवं तर आदल्या रात्री त्याच्याबरोबर बसून तयारी करून घे. स्पॅनिश शीक. सेमिस्टर संपलं की गायब होणारे विद्यार्थी त्या लोकांनी ढिगाने पाहिलेत, म्हणून किती दिवस येणार आहेस ते पहिल्यांदाच स्पष्ट सांग आणि तेवढे दिवस पाऊस असो की बर्फ, वेळेवर जा.

या शनिवारी बैठक संपल्यावर खुर्च्या आवरायला थांब. हॉलचं भाडं कोण भरतं, चावी कुणाकडे असते, भाडेकरूंच्या नावांची यादी कुणाच्या फोनमध्ये आहे, हे सहज गप्पांत कळेल. हॉलचं भाडं एखाद्या देणगीदाराकडून येत असेल तर दर महिन्याला घरटी एक डॉलर वर्गणी सुरू करण्याची गोष्ट तिथल्या एखाद्या जुन्या बाईपाशी काढून बघ. ती काय म्हणते, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
ताई