'सेपरेशन'ला ग्रीकमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: सेपरेशन, डिव्हिजन, पार्टिशन, स्प्लिट या इंग्रजी शब्दांना ग्रीक प्रतिशब्द हवेत. कोशात एकेकापुढे पाच-सहा शब्द दिसतात, आणि तेच शब्द आलटून पालटून चारही ठिकाणी भेटतात. नेमका कुठला घ्यायचा?

इंग्रजी जरा बाजूला ठेवा आणि आधी मराठीत विचारा की कोण कुणापासून तुटतंय. भावांमध्ये होते ती वाटणी, देशाची होते ती फाळणी, पक्षात पडते ती फूट, मायलेकरांची होते ती ताटातूट, नवराबायकोचा होतो तो काडीमोड आणि वहीत करतो तो भागाकार. पक्षाचा भागाकार झाला असं कुणी म्हणत नाही (झाला असला तरी!). ग्रीकचा कारभार असाच आहे. इंग्रजीने लॅटिनकडून आणलेले दोन-तीन शब्द सगळीकडे राबवले, म्हणून इंग्रजीमार्गे गेलं की ग्रीक कोश अवघड वाटतो. मराठीमार्गे गेलात तर अर्धी वाट आधीच चाललेली असते.

खाली उच्चार आजच्या ग्रीकप्रमाणे दिले आहेत. त्यातला 'ख' घशात घासून म्हणायचा.

सगळ्यात सर्वसाधारण क्रियापद 'खोरीझो', म्हणजे वेगळं करणं किंवा वेगळं होणं. 'खोरोस' म्हणजे जागा आणि 'खोरिस' म्हणजे शिवाय, विना. हे सगळे एकाच कुळातले. दोघांमध्ये जागा पडली की झाला 'खोरिज्मोस'. प्रेमात असलेलं जोडपं वेगळं झालं तर ग्रीक माणूस हेच क्रियापद वापरतो. पुढे उपसर्ग लागले की छटा बदलते. 'दिआखोरिज्मोस'मध्ये मुद्दाम वेगवेगळं ठेवणं येतं, जसं पुरुष-बायकांच्या रांगा वेगळ्या करणं. 'आपोखोरिज्मोस' ही आपली ताटातूट. स्टेशनवरचा, विमानतळावरचा शब्द. चर्च आणि शासन वेगळं असावं या मागणीसाठी 'खोरिज्मोस' आणि 'दिआखोरिज्मोस' हे दोन्ही शब्द ऐकू येतात, तिथे फार काटेकोर राहायची गरज नाही. शब्द जुना किती, तर प्लेटोच्या 'फायडो' या संवादात सॉक्रेटिस तुरुंगातल्या शेवटच्या दिवशी मृत्यूची जी व्याख्या करतो, तीत आत्म्याची देहापासून सुटका आणि 'खोरिज्मोस' असे शब्द आहेत.

पण 'सेपरेशन ऑफ पॉवर्स' म्हणजे विधिमंडळ, सरकार आणि न्यायालय यांच्या सत्ता वेगळ्या ठेवणं भाषांतरित करायचं असेल तर मात्र 'खोरिज्मोस' चालणार नाही. तिथे ठरलेला शब्द 'दिआक्रिसी'. याच्या मुळाशी 'क्रीनो' हे क्रियापद आहे. त्याचा जुना अर्थ चाळून-निवडून बाजूला काढणं, आणि त्यातूनच पुढे न्याय करणं, निर्णय देणं. संस्कृतात 'विच्' धातूचा अर्थ पाखडून वेगळं करणं, आणि त्यातून आपल्याला मिळाला 'विवेक'. दोन भाषांनी धान्याच्या कामातून बुद्धीचा शब्द काढला. गंमत म्हणजे ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचे) संन्यासी ज्या 'दिआक्रिसी'ला मोठा गुण मानतात, तिचं मराठी 'विवेक'च करावं लागतं. सावध मात्र राहा: हाच शब्द अनेकवचनात 'दिआक्रिसिस' झाला की त्याचा अर्थ भेदभाव होतो, दुजाभाव. आणि पुन्हा तोच अनेकवचनी शब्द मानसन्मान, पुरस्कार यांनाही लागतो. संदर्भ न बघता भाषांतर केलं तर सत्कारमूर्तीवर अन्याय झाल्याची बातमी व्हायची.

घटस्फोटाचा शब्द मला सगळ्यात आवडतो: 'दिआझीयिओ'. त्यातलं 'झिगोन' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. संस्कृत 'युग', त्यातून प्राकृतमार्गे आलेलं आपलं 'जू', लॅटिन 'युगुम', इंग्रजी 'योक' हे सगळे त्याचे सख्खे भाऊबंद. नवरा किंवा बायको, दोघांनाही ग्रीकमध्ये शिष्टसंमत शब्द एकच, 'सिझिगोस', म्हणजे एका जुवाला जुंपलेला जोडीदार. तेव्हा जू उतरवलं की घटस्फोट! मत्तयच्या शुभवर्तमानातलं विवाहावरचं वाक्य मराठीत आपण जोडणं आणि तोडणं या शब्दांत वाचतो. मूळ ग्रीकमध्ये ते असं आहे की देवाने ज्यांना एका जुवाला जुंपलं, त्यांच्यात माणसाने 'खोरीझो' करू नये. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कुळं एकाच वाक्यात. त्याआधीच्या अथेन्समध्ये मात्र कोण कुणाला सोडतंय यावरून शब्द ठरायचा. नवऱ्याने बायकोला घालवून दिलं तर 'आपोपेम्प्सिस' (पाठवणी म्हणा हवं तर, पण उलट दिशेची), बायको निघून गेली तर 'आपोलेइप्सिस'.

काडी मोडली नसेल पण संसार वेगळा झाला असेल, तर शब्द 'दिआस्तासी', म्हणजे दूर दूर उभं राहणं. ग्रीक कायद्यात जोडपं सलग दोन वर्षं असं विभक्त राहिलं की घटस्फोटाला आधार मिळतो. भूमितीतली मितीही 'दिआस्तासी'च, त्यामुळे त्रिमितीय चित्रपटाच्या जाहिरातीत हे कुळ दिसलं तर दचकू नका.

आपला 'घटस्फोट' मुळात लग्नाचा शब्द नव्हता. पतित ठरलेल्याला नातलगांनी कायमचं बाहेर काढताना घडा फोडण्याचा तो विधी होता. त्या अर्थाचं ग्रीक हवं असेल तर 'आफोरिज्मोस' घ्या: सीमारेषा ओढून बाहेर काढणं, धर्मबहिष्कार. 1821 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे (आजच्या इस्तंबूलचे) पेट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, ग्रेगरी पाचवे यांनी तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा झेंडा उभारणाऱ्या अलेक्झांद्रोस इप्सिलांतिसला 'आफोरिज्मोस'च दिला होता. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसची वैद्यकसूत्रंही 'आफोरिज्मोस'चं अनेकवचन. नेमक्या सीमेत बांधलेलं विधान, म्हणून सूत्र.

आता डिव्हिजन. गणितातला भागाकार 'दिएरेसी', भाजक 'दिएरेतिस', भाज्य 'दिएरेतेओस'. या शेवटच्याचा '-तेओस' म्हणजे 'करायचा आहे असा', अगदी आपल्या 'भाज्य'मधल्या 'य'सारखा. 'फोडा आणि झोडा' हेही ग्रीकमध्ये याच क्रियापदाने सांगतात. मालमत्तेच्या वाटणीला मात्र 'मिराझो' हे घरगुती क्रियापद. पत्ते वाटायलाही तेच. सैन्याची डिव्हिजन 'मेरार्खिया', शेअरवरचा लाभांश 'मेरिज्मा'. दोन्हींत 'मेरोस' म्हणजे भाग. फुटबॉलच्या डिव्हिजनला यातलं काहीच नको, तिथे 'कातिगोरिया'.

'मिराझो'ची बहीण 'मीरा' (आपल्या मीरेशी संबंध नाही). ही म्हणजे दैव. मूळ अर्थ वाटा. भागातून भाग्य तसंच हे. आणि अरबीतून आपल्याकडे आलेली 'किस्मत'? तीही वाटा या अर्थाच्याच धातूपासून. तीन भाषाकुळांतल्या नसल्या तरी तीन भाषांतल्या माणसांना नशीब म्हणजे वाट्याला आलेला तुकडा वाटला, हे मला कुठल्याही व्युत्पत्तिकोशापेक्षा जास्त विचारात पाडतं.

स्प्लिटसाठी दोन कुळं आहेत. एक फाडण्याचं: 'स्खीझो' म्हणजे फाडतो. संस्कृत 'छिद्' त्याचा भाऊ. 1054 च्या सुमारास रोमचं आणि कॉन्स्टँटिनोपलचं चर्च वेगळं झालं ते 'स्खिज्मा'. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1908 मध्ये याच धातूवरून स्किझोफ्रेनिया हा शब्द घडवला, आणि मराठीने त्याला 'छिन्नमनस्कता' म्हटलं तेव्हा हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले दोन भाऊ पुन्हा शेजारी आले. अपूर्णांकाखालचा 'छेद'ही त्याच घरातला.

दुसरं कुळ दोनाचं, 'दिखा'. मराठीत दोनापासून दुही, दुफळी, दुजाभाव. ग्रीकमध्ये 'दिखोनिया', म्हणजे दोन मनं. कवी दिओनिसिओस सोलोमोसने 1823 मध्ये लिहिलेल्या आणि पुढे राष्ट्रगीत झालेल्या दीर्घ कवितेत ही 'दिखोनिया' हातात राजदंड घेऊन प्रत्येकाकडे बघून हसते आणि 'घे, तूही घे' म्हणते. पहिल्या महायुद्धात उतरायचं की नाही यावरून पंतप्रधान व्हेनिझेलोस आणि राजा कॉन्स्टंटाइन यांच्यात जुंपली आणि 1916 मध्ये देशात दोन सरकारं झाली, त्याला ग्रीक इतिहासात 'एथ्निकोस दिखाज्मोस' म्हणतात. राष्ट्रीय दुफळी, फूट म्हटलं तर कमी पडेल.

राजकीय पार्टिशनला शब्द 'दिखोतोमिसी', दोन तुकड्यांत कापणं. कोन दुभागणाऱ्या रेषेला शाळेत 'दिखोतोमोस' म्हणतात, तेच कुळ. आज हा शब्द उच्चारला की ग्रीक माणसाच्या मनात 1974 नंतरचा, ग्रीक आणि तुर्की अशा दोन भागांत तुटलेला सायप्रस येतो, त्यामुळे दुसऱ्या देशाबद्दल वापरताना त्याचं वजन लक्षात ठेवा. 1950 च्या दशकात सायप्रसमधल्या ग्रीकांची घोषणा 'एनोसी', म्हणजे ग्रीसमध्ये विलीनीकरण, तर तुर्कांची 'ताक्सिम', म्हणजे फाळणी. हा 'ताक्सिम' अरबी, किस्मतच्याच घरातला, आणि वतनांच्या जुन्या मराठी कागदांत 'तक्षीम' आणि 'तक्षीमदार' बनून बसलेला. ग्रीकांनी राजकारणात तो झिडकारला, पण रेबेतिको या शहरी लोकगीत प्रकारात गाण्याआधी बुझुकी या तंतुवाद्यावर जी मोकळी आलापी वाजते तिला ते आजही 'ताक्सिमी'च म्हणतात.

आणि प्रश्नातलं पार्टिशन जर ऑफिसातलं, प्लायवुडचं असेल, तर 'खोरिज्मा' लिहा.